मेंढपाळांच्या वाटेसमोरचा आकडा

वाट: आपलं घर ते संहिताचं घर, सायकलने
अंतर: अडीच किलोमीटर
वेळ: दहा मिनिटं, वारा समोरून असेल तर पंधरा
कस: १
शेरा: दर शनिवारी. सोबत डबा.

"ती यादी आहे का गं अजून तुझ्याकडे?" संहिताने विचारलं.

मृदुला डब्यातली आमटी पातेल्यात ओतत होती. "कुठली यादी?"

"इटलीची. तू आणि गंधारने केली होती ती. चालायच्या वाटांची."

मृदुलाचा हात थांबला. चार महिन्यांत संहिताच्या तोंडून इटली हा शब्द तिने ऐकला नव्हता. ती 'तिकडे' म्हणायची. 'तिकडे झालं ते'.

मे महिन्याच्या सुट्टीत दोन घरं मिळून तिकडे गेली होती. संहिता, तिचा नवरा गंधार आणि त्यांची नऊ वर्षांची वैदेही. मृदुला आणि तिचा नवरा अंबरीश. डोंगराच्या पायथ्याचं एक शेतघर आठवड्यासाठी घेतलं होतं. रोज सकाळी एक वाट चालायची, दुपारी परत येऊन अंगणात जेवायचं, असा बेत. तिसऱ्या दिवशी गंधार एकटा बाहेर पडला, आणि संध्याकाळी त्याला हेलिकॉप्टरने खाली आणलं. तोवर संपलं होतं सगळं.

"असेल," मृदुला म्हणाली. "का?"

"पुढच्या मेमध्ये जाणार आहोत आम्ही. बाबा पुण्याहून येतील. वर्षश्राद्ध तिथेच करायचं म्हणतायत." बाबा म्हणजे गंधारचे वडील, नरेंद्रकाका. वय बाहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. "मला दोन-तीन सोप्या वाटा काढून दे. बाबांना झेपतील, वैदेहीला झेपतील अशा. वर नाही जायचं मला. त्यांना तो डोंगर फक्त खालून दाखवायचाय."

"उद्या पाठवते."

"आणि आकडे नीट बघून दे हं. तू देतेयस म्हणून विचारते तरी. नाहीतर आता कुणी 'सोपी आहे' म्हणालं ना, की मला घाम फुटतो."

ती हे गंधारबद्दल बोलत होती ते मृदुलाला कळलं. वरच्या मजल्यावरून वैदेही शाळेतल्या मैत्रिणीशी फोनवर भराभर डचमध्ये काहीतरी बोलत होती आणि हसत होती. संहिताने वर पाहिलं, मग परत कोबी चिरायला घेतला. सुरी जरा जास्तच जोरात चालत होती.


वाट: मेंढपाळांची वाट
अंतर: सहा किलोमीटर
वेळ: अडीच तास
कस: २
शेरा: "वरून समुद्र दिसतो म्हणे. बघू." (गंधार)

हे पाच रकाने गंधारने पाडले होते. 'कस' हे नाव त्याचंच. एक म्हणजे आजीबाईंची, पाच म्हणजे दोर, हेल्मेट आणि अनुभव असेल तरच. वाटा त्याने शोधल्या, अंतर आणि वेळ त्याने भरली. कस मृदुलाने भरला. इटलीतल्या गिर्यारोहकांच्या साइटवर प्रत्येक वाटेची श्रेणी दिलेली होती, ती भाषांतर करत, फोटो बघत तिने एकेका वाटेला आकडा दिला. दहा वाटा, दहा आकडे.

नेदरलँड्समधलं त्यांचं गाव, हूफडॉर्प, समुद्रसपाटीच्या चार मीटर खाली. सराव करायचा म्हणून एप्रिलमध्ये सगळे गावाबाहेरच्या त्या माणसांनी रचलेल्या टेकडीवर जायचे, जिथून विमानं उतरताना दिसतात. तिच्या पायऱ्या पाच-पाच वेळा चढायच्या. अंबरीश तिसऱ्या खेपेला बाकावर बसायचा. "अंबरीशला पहिल्या मजल्यालासुद्धा लिफ्ट लागते," गंधार म्हणायचा, "इटलीत त्याच्यासाठी रोपवे बघून ठेवा."

पहिल्या दिवशी ते नदीकाठची वाट चालले. कस एक. मजा आली. दुसऱ्या दिवशी चेस्टनटच्या रानातली. तिच्यासमोरही एकच लिहिलेला, पण शेवटच्या चढावर सगळ्यांची जीभ बाहेर आली, वैदेहीला शेवटचा अर्धा तास गंधारने पाठुंगळी घेतलं.

"हे एक?" अंबरीश दगडावर पसरून म्हणाला होता. "इटालियन लोकांचं एक म्हणजे आपलं तीन!"

"त्यांच्या आज्या दणकट असतात," गंधार म्हणाला. सगळे हसले. मृदुलाही हसली.

तिसऱ्या दिवशी वैदेहीला कणकण होती. बाकीच्यांचे पाय धरलेले. नाश्त्याला गंधार बूट घालूनच आला. ब्रेडचा तुकडा तोंडात कोंबत म्हणाला, "मी पटकन मेंढपाळांची वाट उरकून येतो. दोनचीच आहे. जेवायला परत."

"एकटा?" संहिताने विचारलं.

"अगं दोनचीच आहे."

संध्याकाळी बचाव पथकातला माणूस मोडक्या इंग्रजीत समजावत होता. दुभाषी म्हणून शेतघराची मालकीण. तो म्हणाला, तुमचा माणूस ज्या वाटेवर होता ती फक्त अनुभवी लोकांसाठी. लोखंडी तार आहे, तिला स्वतःला अडकवून घ्यायचं असतं. त्याच्याकडे काहीच नव्हतं. का गेला?

आणि मृदुला म्हणाली होती (तिला तो क्षण, ती जागा, मालकिणीच्या एप्रनवरचे पिठाचे डाग, सगळं आठवत होतं), "नाही, नाही. आमच्या यादीतली वाट सोपी होती. दोनची. तो मध्येच दुसऱ्या वाटेला वळला असणार."

तिने खरं तेच सांगितलं होतं. तिला खरं वाटत होतं ते.

संहिताने ते ऐकलं आणि त्यावर चार महिने घर बांधलं. गंधारला सोपी वाट नकोच होती. घरी दोनची सांगितली, आणि मनातून ठरवून दुसरीकडे गेला. आजारी मुलगी आणि बायको मागे ठेवून, खोटं सांगून. भेटायला येणाऱ्यांनीही तेच उचललं. कॉलेजात असताना सगळे किल्ले पालथे घातलेला माणूस तो, त्याला काय, खुमखुमी. एकदा पोटात डोंगर शिरला की शिरला. संहिता प्रत्येकाला चहा द्यायची आणि म्हणायची, "मेला त्याचं दुःख आहेच हो. खोटं बोलून मेला."


वाट: सोफा ते लॅपटॉप
अंतर: —
वेळ: तीन मिनिटं
कस:
शेरा:

त्याच शनिवारी दुपारी घरी येऊन मृदुलाने यादी उघडली. मेनंतर पहिल्यांदाच.

१. नदीकाठ: १
२. चेस्टनटचं रान: १
३. जुनी पाणचक्की: १
४. मेंढपाळांची वाट: २
५. द्राक्षमळे: २
६. दगडी पूल: ३
७. खिंड: ३
८. चॅपेल, डांबरी सडकेने: ४

आठव्या रांगेवर ती थांबली. चॅपेल तिला माहीत होतं. गंधार गेल्याच्या दुसऱ्या दिवशी शेतघराची मालकीण त्यांना तिथे मेणबत्ती लावायला घेऊन गेली होती. संहिता घरातल्या सपाता घालूनच निघाली होती आणि वाटेत कुणी तिला काही म्हणालं नव्हतं, कारण सडक होती. बाळांच्या गाड्या ढकलत बायका चालल्या होत्या त्या सडकेवरून.

चार?

तिला वाटलं, टायपिंगची चूक. मग तिची नजर वर गेली. एक, एक, एक, दोन, दोन, तीन, तीन, चार, चार, पाच. वरून खाली, जिन्याच्या पायऱ्यांसारखे आकडे. गंधारने वाटा जशा सापडल्या तशा भरल्या होत्या. त्या अशा पायरीपायरीने ओळीत बसणंच शक्य नव्हतं.

मृदुला ब्रेडा शहरातल्या एका मालवाहतूक कंपनीत आकडेवारीचं काम करते. दिवसभर हेच. नवी मुलं आली की पहिल्या आठवड्यात ती त्यांना एक गोष्ट सांगते: क्रम लावायचा तर अख्ख्या तक्त्याचा लावा. एकटा रकाना निवडून त्याचा क्रम लावू नका. आकडे एकमेकांत छान लागतील, पण कुठला आकडा कुणाचा हे कायमचं जाईल. आणि ट्रक चुकीच्या गोदामात पोचेल.

तिने बदलांचा इतिहास उघडला. कुणी, कधी, काय बदललं, सगळं त्यात राहतं.

सत्तावीस मार्च, संध्याकाळी सहा बारा. मृदुला. फोनवरून.

त्याच्या आधीची नोंद तिने उघडली.

१. नदीकाठ: १
२. चेस्टनटचं रान: ३
३. जुनी पाणचक्की: १
४. मेंढपाळांची वाट: ५

पुढचं तिने वाचलं नाही.

सत्तावीस मार्च. ब्रेडाहून परतीची ट्रेन, उभं राहायलाही जागा नाही, एका हाताने दांडा धरलेला. अंबरीशचा मेसेज आला होता: अगं ते सोप्यापासून अवघडापर्यंत लाव ना, मला गरीबाला वरच्या तीनच बघायच्यात. तिने अंगठ्याने रकाना निवडला, क्रम लावला, फोन खिशात टाकला.


वाट: बाल्कनी ते बाल्कनी
अंतर: चार पावलं, मग वळायचं
वेळ: दीड तास
कस: ३
शेरा: अंबरीश आत-बाहेर करत होता, मृदुला कठड्याशी उभी

"पण त्याला दिसायला नको होतं?" अंबरीश म्हणाला. "वर गेल्यावर? लोखंडी तार बघून माणूस मागे वळतो ना?"

"दोन लिहिलंय म्हटल्यावर?"

"दोन लिहिलं म्हणून काय झालं, डोळे नाहीत का?"

"चेस्टनटच्या रानात आपण मागे वळलो? तू म्हणालास, इटालियन लोकांचं एक म्हणजे आपलं तीन. सगळे हसलो आपण. ते तीनच होतं, अंबरीश. तीनच लिहिलं होतं मी."

अंबरीश आत गेला, परत बाहेर आला.

"आणि क्रम लाव म्हणालास तू."

"हां! म्हणजे आता माझ्यावर?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणतेस?"

खाली कालव्याच्या कडेने एक बाई कुत्रा फिरवत होती. कुत्रा प्रत्येक खांबापाशी थांबत होता आणि बाई प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे थांबत होती. मृदुला ते बघत राहिली.

अंबरीशने आवाज खाली आणला. "हे बघ मृदू. नीट ऐक. ती आत्ता कुठे उभी राहतेय. नोकरीवर जायला लागली, पोरगी हसायला लागली. तिला तुझा आधार आहे. तुझ्याशिवाय आहे कोण इथे तिला? हे सांगितलंस की तो आधार गेला. तिला काय मिळेल त्यातून? तो परत येणारे का?"

"आणि यादी?"

"यादी नीट कर. आकडे जिथल्या तिथे लाव, ती चौथी रांग काढून टाक आणि छापील पान म्हणून पाठव. मूळ फाइल नको. म्हातारा, पोरगी, सगळे सुखरूप चालतील. झालं."

"आणि गंधार?"

"गंधार गेला, मृदू."

"खोटं बोलून गेला."

अंबरीशने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "मेलेल्या माणसाला काय फरक पडतो," तो म्हणाला, आणि बोलल्याबरोबर आत निघून गेला.

रविवारी सकाळी तिने नऊ वाटांची यादी पाठवली. आकडे अचूक. तीन-तीनदा तपासलेले. चॅपेलच्या सडकेसमोर दोन, कारण शेवटी थोडा चढ आहे.

दहा मिनिटांत उत्तर आलं.

किती छान केलंयस गं. ती वाट काढून टाकलीस, बरं केलंस. मला तिचं नावसुद्धा बघायचं नव्हतं. तू नसतीस तर काय केलं असतं मी.


वाट:
अंतर: सोमवार ते शुक्रवार
वेळ:
कस:
शेरा: या रांगेत काही भरलेलं नाही. ती ब्रेडाला गेली आणि आली. मंगळवारी तिने एका नव्या मुलीला क्रम कसा लावायचा ते शिकवायचं होतं, ते तिने दुसऱ्याला सांगितलं.


वाट: पुणे ते हूफडॉर्प, फोनवरून
अंतर: सात हजार किलोमीटर, असं म्हणतात
वेळ: अकरा मिनिटं
कस: ४
शेरा: शनिवार सकाळ. पोहे कढईतच राहिले.

"मृदुला का? नरेंद्र बोलतोय. गंधारचा बाबा."

"काका! नमस्कार. कसे आहात?"

"ठीक. गुडघे आपले आहेत तसे. तुला वेळ आहे ना दोन मिनिटं? नाष्ट्याची वेळ असेल तुमची."

"बोला ना काका. पोहेच टाकलेत."

त्यांनी घसा साफ केला. नरेंद्रकाका सार्वजनिक बांधकाम खात्यात इंजिनीअर होते, घाटरस्त्यांची कामं केलेली. फोनवर बोलतानाही समोर कागद ठेवून वाचल्यासारखं मुद्द्याने बोलायचे.

"संहिताने ती यादी पाठवली मला. फार नेटकी केली आहेस. प्रत्येक वाटेची माहिती, किती वेळ, किती कस. म्हटलं, आभार मानावेत. आणि दुसरं म्हणजे, एक राहून गेलं होतं माझ्याकडून. तुझी आणि अंबरीशरावांची माफी मागायची होती."

"माफी? कशाची?"

"तुमची सुट्टी. तुम्ही एवढं निगुतीने ठरवलं, आणि आमच्या चिरंजीवांनी..." ते थांबले. "चाळीस वर्षं मी घाटात पाट्या लावल्या. पुढे धोक्याचं वळण. वाहने सावकाश हाका. लोक वाचतात आणि जोरात जातात. चीड यायची मला. घरातलाच एक तसा निघेल असं वाटलं नव्हतं."

"काका—"

"बोलू दे मला. लहानपणी तो खोटं बोलायचा नाही. परीक्षेत कमी मार्क पडले तर घरात शिरायच्या आधी दारातूनच ओरडून सांगायचा. मी त्याच्या आईला म्हणायचो, हा वकील व्हायच्या कामाचा नाही. कुठे शिकला कोण जाणे. आपलंच काहीतरी चुकलं असेल."

मृदुलाच्या हातात झारा होता. तो कुठे ठेवायचा ते तिला सुचेना.

"तर एक काम कर. येतो म्हणालो होतो, पण मी मेमध्ये येत नाही. संहिताला गुडघ्यांचं कारण सांगणार आहे. तू तिला जरा समजाव. खरं कारण तुला सांगतो. बायकोपोरीला फसवून गेलेल्या मुलाचं श्राद्ध करायला मला जमायचं नाही तिथे, त्या डोंगरासमोर. इथे घरी करीन. पाट मांडून बसेन, म्हणेन ते मंत्र. पण तिथे नाही."

"काका, तसं नाहीये," मृदुला म्हणाली. "तो—"

"तुझ्या मनात त्याच्याविषयी चांगलंच आहे, ठाऊक आहे मला. ठेवतो बाळ. पोहे खाऊन घे, वास येतोय इथपर्यंत." ते हसल्यासारखा आवाज आला आणि फोन बंद झाला.

पोहे खरंच लागले होते. अंबरीश येऊन गॅस बंद करून गेला.

"कुठे निघालीस?"

"संहिताकडे."

"डबा?"

ती चपला अडकवत होती.

"मृदुला. मृदू, विचार कर. एकदा बोललं की—"

"हो," ती म्हणाली, आणि निघाली.


वाट: आपलं घर ते संहिताचं घर, सायकलने
अंतर: अडीच किलोमीटर
वेळ: माहीत नाही
कस: ५
शेरा: सपाट.

संहिताने दार उघडलं, रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे वा, आज उपवास का आमचा?" मग तिचा चेहरा पाहिला. "काय झालं? अंबरीश ठीक आहे ना?"

"बस जरा."

"मृदुला, काय झालं? असं नको करू."

मृदुलाने उभ्यानेच सांगितलं. सायकलवरून येताना तिने वाक्यं जुळवून ठेवली होती; त्यातलं एकही आलं नाही. ती म्हणाली, गंधार खोटं बोलला नाही. तो कुठे वळला नाही. तो मेंढपाळांच्या वाटेवरच होता. ती वाट पाचची होती. त्याच्यासमोर दोन लिहिलेलं होतं. ते मी लिहिलं. मुद्दाम नाही, रकान्याचा क्रम लावताना एकटा रकाना हलला, सगळे आकडे सरकले, मला कळलं नाही. कुणालाच कळलं नाही. तो दोनचीच समजून गेला.

संहिता ऐकत होती. मग तिने विचारलं, "कधी कळलं तुला?"

"मागच्या शनिवारी. तू यादी मागितलीस तेव्हा."

"आणि यादी पाठवलीस कधी?"

"रविवारी."

"म्हणजे कळल्यावर पाठवलीस."

"हो."

"नऊ वाटांची."

"हो."

"आणि मी तुला लिहिलं, बरं केलंस काढून टाकलीस म्हणून."

मृदुलाने मान हलवली.

"तू वाचलंस ते. तुझे दोन निळे टिक आले होते. मी बघितले." संहिता खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. "पहिली चूक, ठीक आहे. माझ्याकडूनही झाली असती. मी काय, मला तर ते उघडतासुद्धा येत नाही. पण आठवडाभर, मृदुला? आठवडाभर तू मला त्याला शिव्या घालू दिल्यास?"

"मी घाबरले."

"मी त्याचे शर्ट गरीबांच्या पेटीत टाकले. एकसुद्धा ठेवला नाही. म्हटलं, ज्याने फसवलं त्याचं काय जपायचं. त्याचा फोन बंद करून टाकला, त्यातला त्याचा आवाजसुद्धा गेला. वैदेहीला सांगितलं, तुझा बाबा खोटं बोलून गेला. तिने शाळेत सांगितलं. तिच्या बाई मला बोलावून विचारत होत्या, घरी असं का बोलता. मी त्यांना म्हटलं, खरं आहे म्हणून बोलते." तिचा आवाज चढला नाही, तो खालीच जात राहिला. "आता हे सगळं मी कुठून परत आणू? सांग ना. तू यादीत रकाना परत लावलास. मी काय लावू?"

"मी काकांना सांगते. आत्ता, इथून फोन करते."

"बाबांना मी सांगीन." संहिताने जिन्याकडे तोंड केलं. "वैदेही! खाली ये."

"संहिता, नको. तिला नंतर—"

"नंतर कधी? तूच सांग. मराठीत सांग, तिला सगळं कळतं."

वैदेही खाली आली. पायात एकच मोजा होता. आधी आईकडे, मग मृदुलाकडे पाहिलं आणि सवयीने विचारलं, "मावशी, आज काय आणलंस?"

"बस बाळा," मृदुला म्हणाली.

नऊ वर्षांच्या मुलीला सांगायचं म्हणून सोपं करायला गेलं तर सोपं करण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. वाटांना नंबर होते. मी नंबर चुकवले. बाबाला वाटलं वाट सोपी आहे. ती खूप अवघड होती. बाबा खोटं बोलला नाही. माझ्यामुळे झालं.

"शो मी," वैदेही म्हणाली. घरात महत्त्वाचं काही बोलायचं असलं की ती इंग्रजीवर यायची.

मृदुलाने फोन काढला. मूळ यादी उघडली, इतिहास उघडला. आधी पाच. मग दोन. वैदेहीने बोटाने एकदा मागे नेलं, एकदा पुढे नेलं. पुन्हा मागे. पुन्हा पुढे. आकडा बदलत होता: पाच, दोन, पाच, दोन.

"सो ही डिडन्ट लाय."

"नाही."

"ही थॉट इट वॉज अ टू."

"हो."

"अँड इट वॉज रिअली हार्ड."

"हो बाळा."

वैदेहीने फोन टेबलावर उपडा ठेवला. ती विचार करत होती. विचार करताना तिचे ओठ गंधारसारखे एका बाजूला जायचे. मग ती इंग्रजीत काहीतरी हळू पुटपुटली.

"काय म्हणालीस?" संहिताने विचारलं.

वैदेहीने शब्द शोधले. मराठी बोलायचं म्हणजे तिला प्रत्येक शब्द उचलून आणावा लागायचा.

"बाबाला वाटलं असेल, त्यालाच येत नाही. टू आहे ना. टू सगळ्यांना येतं." ती थांबली. "म्हणून तो मागे नाही वळला. त्याला लाज वाटली असेल."

संहिताने खुर्ची ओढली आणि बसली. तिचा एक हात टेबलावर होता, तो तिथेच राहिला, वैदेहीच्या हातापासून वीतभर दूर. मृदुलाला काहीतरी बोलायचं होतं. नाही बाळा, लाज नसेल वाटली. बाबा शूर होता. असलं काहीतरी. पण ती मुलगी म्हणत होती ते खरं असणार हे तिला कळत होतं, कारण चेस्टनटच्या रानातल्या शेवटच्या चढावर तिला स्वतःलाही तसंच वाटलं होतं: एकच तर आहे, आणि मला झेपत नाहीये. तेव्हा तिने कुणाला सांगितलं नव्हतं. ती चढत राहिली होती.

"वैदेही," संहिता म्हणाली, "मावशीला दार उघडून दे."

मृदुला दाराकडे वळली. "मी उद्या फोन—"

"नको."

"संहिता."

"नको गं. जा."

वैदेहीने दार उघडलं. एका पायात मोजा, एक पाय उघडा, आणि बाहेरची फरशी गार. तरी ती दार धरून उंबऱ्यात उभी राहिली, मृदुला सायकलचं कुलूप काढेपर्यंत. कुलूप पहिल्या खेपेला निघालं नाही.